पोंचोची कोपी

दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याजवळच्या माळावर बांबू उभे करायचे, वर चटई, पाचट नाहीतर ताडपत्री, झाली कोपी. पुढचे पाच-सहा महिने घर तेच. माझा तंबू त्याचीच नक्कल. अर्थात तोडणी मजुरांची गरज, माझी हौस.

सामान: पाच बाय सात फुटांचा पोंचो, ओल्या बांबूच्या पाच फुटी दोन कामट्या, सुतळी. बालाघाटाच्या मुरमात खुंटी शिरत नाही. म्हणून कामटीच्या टोकांना खाच पाडून धनुष्यासारखी दोरी ताणतो, टोकांत अंतर साडेतीन फूट. अशा दोन कमानी साडेसहा फुटांवर उभ्या, माथ्यांवरून एक दोरी, तिची टोकं दोन्हीकडे मोठ्या दगडांना. वर पोंचो. उंची जेमतेम दीड फूट, सरपटतच शिरायचं.

पोंचोच्या टोपीचं तोंड पिळून सुतळीने आवळा. सौताड्याजवळ मी विसरलो, पाणी नेमकं छातीवर! दोन्ही बाजू बंद करू नका, श्वासाच्या वाफेने आतून ओल धरते. वाळलेली कामटी कडकन मोडते. तीच असेल तर आदल्या रात्री भिजत घाला.