प्रवाळ कुठलं, हे बघून कळतं का?

लातूर-नांदेडवाल्यांचा समुद्राशी काय संबंध? पण फिशटँकसाठी प्रवाळ, म्हणजे कोरल, शोधायला लागलं की ऐकायला मिळतं, "इंडोनेशियाचं आहे!" कारण भारतातली सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. विकलं तर किमान 3 वर्षं कैद. म्हणून परदेशाचं नाव.

मग बघून ओळखता येईल? फारसं नाही. धुऱ्यावरची तूर पसरते, दाटीतली सरळ वाढते, जात मात्र एकच. प्रवाळाचंही तसंच. लाटांच्या माऱ्यात फांद्या आखूड आणि जाड, शांत पाण्यात लांब, बारीक. रंग तर बराचसा आत राहणाऱ्या शेवाळाचा. टँकचा लाईट बदला, तोही बदलतो. मालवणला गोल गड्ड्यासारखं पोराइट्स दिसतं, पण पोराइट्स तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत आहेच की! आकारावरून पाणी कसं होतं ते कळतं, पत्ता नाही.

पत्ता कागदावर असतो. आयात मालाला साइट्स करारानुसार निर्यात करणाऱ्या देशाचं परमिट लागतं. ते नसेल तर इंडोनेशिया हा नुसता शब्द. मी तरी टँकमध्ये गोदावरीचे गोटे टाकलेत.