विश्लेषण : राग आधी, विचार नंतर… ‘आपोआप’ उमटणाऱ्या प्रतिक्रिया बदलता येतात का?

सिग्नल हिरवा होऊन क्षणही उलटलेला नसतो, तोच मागून हॉर्न वाजतो आणि पुढच्या दुचाकीस्वाराचे डोके तापते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टोमणा मारला की उत्तर टाइप होऊन जातेही. पश्चात्ताप दहा मिनिटांनी होतो. मुलाच्या हातून दूध सांडते आणि आईवडिलांचा आवाज चढतो. खरे तर ‘आता ओरडायचे नाही’ हे आदल्याच रात्री ठरलेले असते. ठरवूनही असे का घडते? हा स्वभावाचा दोष की मेंदूच्या कामाची पद्धत? आणि ही पद्धत बदलता येते का?

प्रतिक्रिया विचाराच्या आधी का उमटते?

अंधारात दोरी पाहून साप समजणे, हा भारतीय तत्त्वज्ञानातील जुना दृष्टांत. दोरी ओळखण्याआधीच पाय मागे सरकलेला असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून यामागची यंत्रणा दाखवली. धोक्याची सूचना देणारा आवाज मेंदूत दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट लांबची, विचार करणाऱ्या भागातून जाणारी. दुसरी जवळची, थेट अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाकडे नेणारी. जवळच्या वाटेवर माहिती ढोबळ असते, पण वेग जास्त असतो. खऱ्या सापासमोर हा वेग जीव वाचवतो. अडचण अशी की अपमान, टोमणा किंवा साहेबांचा चढलेला सूर यांनाही शरीर धोका समजू शकते. छाती धडधडते, स्नायू ताठरतात आणि तोंडून शब्द निघून गेलेला असतो.

मग सवयीचा यात काय संबंध?

एकच प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा घडली की ती सवय होते. हे काम मुख्यतः मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया या भागात चालते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या ॲन ग्रेबिएल यांनी चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतील हालचाली नोंदवल्या. सुरुवातीला संपूर्ण वाटेवर मेंदू सक्रिय होता. सराव झाल्यावर ही सक्रियता मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी दिसू लागली. मधला सगळा भाग जणू एकच गाठोडे झाला. माणसाचेही तसेच होते. फोन वाजला की हात खिशाकडे जातो, वाद सुरू झाला की आवाज चढतो. खूण मिळाली की पुढचे सगळे ओळीने घडत जाते.

इच्छाशक्ती कमी का पडते?

कारण सवय सुरू होताना माणसाची इच्छा विचारात घेतली जातेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांचा २०११ मधील प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजे, तर काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले गेले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले. ते आवडले नाहीत, असे सांगूनही! मात्र बैठकीच्या खोलीत बसवल्यावर किंवा सवयीच्या नसलेल्या हाताने खायला सांगितल्यावर शिळे पॉपकॉर्न मागे उरले. म्हणजे निश्चय वाढवून जे साधले नसते, ते जागा किंवा हात बदलून साधले.

परिसर बदलण्याचा परिणाम किती?

याचे मोठे उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. तेथील अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइनचे व्यसन पसरल्याचे १९७१ मध्ये उघड झाले. संशोधक ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाच्या विळख्यात सापडले. युद्धाचा ताण, सोबतचे लोक आणि सहज मिळणारे हेरॉइन, हे सगळेच मागे राहिले होते. यावरून व्यसन सोडणे सोपे असते, असा निष्कर्ष निघत नाही. पण उपचारांनंतर त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परतणाऱ्याची कसोटी इतकी कठीण का असते, हे त्यातून कळते. रोजच्या सवयींनाही हेच सूत्र लागू पडते. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हे ‘आज बघणार नाही’ असे ठरवण्यापेक्षा जास्त कामाचे.

राग ‘काढून टाकल्याने’ तो शमतो का?

उशीवर गुद्दे मारा, मोकळे वाटेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले गेले, तर काहींना नुसते बसवले गेले. सर्वाधिक राग ठोसे मारणाऱ्यांमध्ये उरला. राग आतल्या आत दाबणे हाही उपाय नाही. चेहरा शांत दिसला तरी शरीरावरचा ताण वाढतो. त्याऐवजी भावनेला नाव देणे उपयोगी ठरते. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधील अभ्यासात रागीट किंवा घाबरलेला चेहरा पाहून त्या भावनेचे नाव निवडले, की अमिग्डालाची सक्रियता कमी झाल्याचे दिसले. ‘मला राग आला आहे’ हे मनाशी म्हणणे वाटते तितके किरकोळ नाही.

प्रत्यक्षात काय करता येते?

नेथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये नखे कुरतडण्यासारख्या सवयींसाठी एक पद्धत मांडली. सवय नेमकी कधी सुरू होते ते आधी टिपायचे आणि त्या क्षणी तिच्या आड येणारी दुसरी कृती करायची. हात तोंडाकडे जाऊ लागला की काही मिनिटे मूठ घट्ट आवळून धरायची. सवय नुसती ‘बंद’ करायची नाही, तिच्या जागी दुसरे काही ठेवायचे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचे ‘जर-तर’ तंत्र याच्या जवळचे आहे. ‘मी चिडणार नाही’ हा संकल्प मोघम ठरतो. ‘मुलाने काही सांडले, तर मी आधी फडके उचलेन’ ही योजना नेमकी आहे. अशा योजनांवरील ९४ चाचण्यांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला. नुसत्या निश्चयापेक्षा त्यांचा परिणाम चांगला असल्याचे त्यात आढळले.

प्रतिक्रियेमागचा विचारही तपासता येतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती यावरच उभी आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाची समजूत असते, असे ती सांगते. ‘त्याने माझा मान राखलाच पाहिजे’ यातला ‘च’ सैल झाला, की रागाची धारही बोथट होते. मात्र नुसता विचार पुरत नाही, कृतीही लागते. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी १९ वर्षांच्या एलिस यांनी महिनाभरात न्यूयॉर्कच्या उद्यानात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी संवाद साधला. भेट ठरली एकच, तीही झाली नाही. पण भीती गेली, असे ते सांगत.

२१ दिवसांत सवय बदलते का?

हा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० मधील पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या संशोधनात ९६ जणांनी रोजची एक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. त्यात सरासरी ६६ दिवस लागत असल्याचे दिसले. व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यातून समोर आले.

जुनी सवय परत का डोके वर काढते?

कारण ती पुसली जात नाही. तिच्यावर नवे वळण चढते, इतकेच. ग्रेबिएल यांच्या उंदरांत बक्षीस थांबवल्यावर मावळलेला मेंदूतील जुना नमुना, बक्षीस पुन्हा सुरू होताच परतला. ताण, अपुरी झोप किंवा जुनी जागा मिळाली की माणसातही तेच होऊ शकते. म्हणून एकदा पुन्हा ओरडणे म्हणजे सगळी मेहनत वाया जाणे नव्हे. कोणत्या खुणेने गाडी घसरली, हे शोधून योजना दुरुस्त करणे एवढाच त्याचा अर्थ.

मदत कधी घ्यावी?

रागाच्या भरात हात उचलला जात असेल, घरातली माणसे घाबरून वागत असतील, व्यसन सुटत नसेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ‘जर-तर’ योजनेवर विसंबून राहू नये. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकांना भेटावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक नि:शुल्क आहे.