संत्र्याची सावली, पऱ्हाटीचा पांढरा

आष्टी महाराष्ट्राला ठाऊक आहे ती १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे. संत्र्याच्या बागांचा आणि पऱ्हाटीच्या वावरांचा हा वर्धा जिल्ह्यातला तालुका चित्रकलेच्या निमित्ताने सहसा कुणाला आठवत नाही. पण चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या इथल्या मुलामुलींना जे शिकायचे आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या अंगणातच मांडलेले आहे. मोबाइलवरच्या चित्राची नक्कल करून हात वळतो, नजर मात्र तयार होत नाही. म्हणून आधी समोर एक संत्रे ठेवावे.

खिडकीजवळ, एकाच बाजूने उजेड पडेल असे. नवशिका चित्रकार संत्र्याची कडा सर्वांत काळी करतो. डोळे किलकिले करून पाहिले तर दिसते की सर्वांत गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो. अगदी कडेला टेबलावरून परतलेला मंद उजेड असतो. तेवढा राखला की चपटी थाळी दिसणारे फळ गोल होते. छाया बोटाने फासू नये. २बी पेन्सिलीच्या रेषा गोलाईच्या वळणाने ओढाव्यात, आणि ६बी शेवटी, फळ जिथे टेबलाला टेकते तिथल्या सावलीसाठी राखून ठेवावी.

असे एकाच गोष्टीकडे खिळून पाहणे शिकवावेच लागते. सय्यद हैदर रझा लहानपणी चंचल होते. मध्य प्रदेशातल्या त्यांच्या शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याच्याकडे पाहत बसवले, ही आठवण ते पुढे सांगत. त्यानंतर ते १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, आणि उत्तरायुष्यात त्यांच्या कॅनव्हासवर बिंदूच केंद्रस्थानी आला.

संत्र्यानंतर बंडीचे चाक घ्यावे. आरे मोजून काढायला गेलो की चाक हमखास बिघडते, कारण तेव्हा आपण डोळ्यांपेक्षा माहितीवर भिस्त ठेवतो. दोन आऱ्यांमधली रिकामी जागा काढावी. तिचा आकार बरोबर आला की आरा आपोआप जागेवर येतो. प्रमाणासाठी हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यावे. कोपर वाकले की माप चुकले.

जलरंगात खरी कसोटी पांढऱ्याची, आणि त्यासाठी फुटलेल्या बोंडाइतका चांगला विषय नाही. कापूस रंगवायचाच नसतो. मागची पाने, माती, आभाळ रंगवून कागद तेवढा कोरा सोडायचा आणि सावलीत फिकट निळसर छटा द्यायची. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचे समई घेतलेल्या तरुणीचे प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. ते जलरंगातले आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. तिच्या हाताआडून चेहऱ्यावर आलेला उजेड मी जितका पाहतो, तितका त्यांच्या संयमाचा आदर वाढतो. जलरंगात गडद केलेले पुन्हा उजळ करणे फार अवघड असते.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा एक वेगळाच प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये पातळ रंगाचा हात, म्हणजे वॉश, पसरेपर्यंत वाळतो आणि कडा उमटतात. अशा वेळी ३०० जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी ओला करावा, पंखा बंद ठेवावा आणि सकाळी लवकर बसावे.

राहिली माणसे. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी १९३६ साली खानदेशातल्या फैजपूर काँग्रेसचा मंडप खेड्यात मिळणाऱ्या साहित्याने सजवला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी कामात गढलेली साधी माणसे ठसठशीत रेषेत काढली. ती रेषा बाजारात सापडते. भाजीवाली दोन मिनिटेही स्थिर बसत नाही, तेव्हा नाक-डोळे सोडून आधी पाठीचा बाक, मग भार कोणत्या पायावर आहे ते टिपावे. खोडरबर घरी ठेवावे. चुकलेली रेषा तशीच राहू देऊन शेजारी दुसरी ओढावी. पानाच्या कोपऱ्यात वेळ लिहावी, म्हणजे घरी रंग भरताना सावली कुठे पडेल ते कळते.