‘उतरला’तला अ ‘उतरा’त कुठे जातो?

एसटीत कुणी विचारतं, ‘शिरड शहापूरला कोण उतरलं?’ आणि कुणी सांगतं, ‘इथेच उतरा.’ क्रियापद एकच. पण पहिलं आपण उ-तर-लं असं म्हणतो आणि दुसरं उत-रा असं. ‘त’मधला अ एकदा ऐकू येतो, एकदा नाहीसा होतो. लिहिताना मात्र ‘त’ तसाच. गावाच्या नावाचंही तेच: शिरड म्हणताना ‘र’ पूर्ण आणि साईबाबांची शिरडी म्हणताना अर्धा. तिथे निदान पाट्यांवर ‘शिर्डी’ लिहायची सोय झाली. ‘उत्रा’ लिहिलं तर गुरुजी कान धरतील.

हे कान न शिकवता शिकतो. प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला की अ टिकतो: वि-सर-लो, स-मज-तो. स्वराने सुरू झाला की गळतो: विस-रून, सम-जून. पुढचा स्वर आदल्या व्यंजनाला आपल्याकडे ओढतो, मग मधल्या अ-चं काम उरत नाही.

गंमत म्हणजे फ्रेंच क्रियापदं हुबेहूब असंच वागतात. ‘हाक मारणे’ या अर्थाचं मूळ रूप ‘आप-ले’. प्रत्यय उच्चारात उरत नाही तेव्हा ‘आपेल’ असा मधला स्वर ठसठशीत होतो. ‘आम्ही’चा ‘ओं’ लागला की ‘आप-लों’, स्वर गायब. फरक एवढाच की फ्रेंच लोक ‘आपेल’मध्ये ‘ल’ दोनदा लिहून वाचणाऱ्याला खूण करतात. आपण वाचणाऱ्यावर सोडून देतो, आणि लेखी मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रं तिथेच अडखळतात.

गळतीलाही मर्यादा आहे. ‘गोंधळून’मध्ये प्रत्यय स्वराचाच, तरी अ जात नाही, गेला तर न्, ध्, ळ् एकमेकांवर आदळतील. फ्रेंच अभ्यासक मोरीस ग्रामाँ यांनी आपल्या भाषेसाठी हाच ‘तीन व्यंजनांचा नियम’ मांडला. म्हणून ‘आम्ही देऊ’साठी ‘दोन-रों’ चालतं. ‘आम्ही बोलू’साठी मात्र ‘पार-ल-रों’ असं मधलं अक्षर ठेवावं लागतं. दक्षिण फ्रान्सचे लोक अर्थात हे सगळं धुडकावून सगळे स्वर म्हणतात.

कविता दोन्हीकडे जुन्या हिशेबाने चालते. फ्रेंच बारा-अक्षरी ओळीत पुढे व्यंजन असलं की बोलण्यात गळणारा स्वरही मोजतात. शिरड शहापूरच्याच जिल्ह्यात नामदेवांचं नरसी आहे. तिथे गायल्या जाणाऱ्या मोठ्या अभंगाचं मापही सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं, आणि त्यात ‘विसरून’ची अक्षरं चारच धरतात.