फळांचा रस, सांधेदुखी आणि माहितीची विषमता

दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. निश्चित वेतन किंवा निवृत्तिवेतन आणि वाढत्या वयाबरोबर येणारी गुडघेदुखी या दोन्ही गोष्टी अशा वसाहतींत एकत्र आढळतात. सांधेदुखीवरील ‘नैसर्गिक’ उपाय म्हणून फळांचे रस विकणाऱ्यांना हाच ग्राहक हवा असतो. हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील माहितीच्या विषमतेचाही तो आहे.

शास्त्र काय सांगते?

सांधेदुखी हा एकच रोग नव्हे. वयोमानानुसार होणारी सांध्यांची झीज, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला म्हणजे आमवात, आणि युरिक आम्लाचे स्फटिक साचून होणारा वातरक्त यांची कारणे भिन्न आहेत. त्यामुळे तिन्हींवर एकच रस गुणकारी असल्याचा दावा मुळातच संशयास्पद ठरतो.

कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल आणि डाळिंबातील पॉलिफिनॉल ही द्रव्ये प्रयोगशाळेतील चाचण्यांत दाहशामक आढळली आहेत. परंतु पेशींवर किंवा प्राण्यांवर दिसलेला परिणाम पेलाभर रसाने माणसात दिसेलच असे नाही. नोनी म्हणजे आपल्याकडील बारतोंडी किंवा आल. तिच्या मुळांपासून पूर्वी कापडासाठी तांबडा रंग काढला जाई. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००२ मध्ये नोनीचा रस तपासला. इतर फळांच्या रसांपेक्षा अधिक असा विशेष आरोग्यलाभ सिद्ध करणारा पुरावा तिला आढळला नाही.

रस काढताना फळातील बहुतेक चोथा जातो आणि साखर राहते. फळांतील फ्रुक्टोज यकृतात पचताना युरिक आम्ल वाढते. म्हणून वातरक्ताच्या रुग्णाला गोड रसाचे अतिसेवन अपायकारक ठरू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही रसाऐवजी अख्ख्या फळाला प्राधान्य दिले आहे.

बाजार का फसतो?

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त मांडला. त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्काराने गौरविण्यात आले. मोटारीचा दोष निदान वापरानंतर तरी उमगतो. रसाचा गुण मात्र वापरानंतरही ठरवता येत नाही. अशा वस्तूंना अर्थशास्त्रात विश्वासाधिष्ठित वस्तू म्हणतात. सांधेदुखीला चढउतार असतो. दुखणे शिगेला पोहोचले की ग्राहक बाटली घेतो. पुढे ते आपोआप थोडे ओसरते आणि श्रेय रसाला मिळते. त्याचा अनुभव प्रामाणिक असतो, पण तो पुरावा नव्हे.

याची किंमत पैशांपुरती मर्यादित नाही. आमवातात उपचारास विलंब झाल्यास सांध्यांची कायमची हानी होते. रसाच्या भरवशावर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

कायद्याची चौकट

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत संधिवाताचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. रोगनिवारणासाठी म्हणून विकला जाणारा पदार्थ या कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण तितकाच, आणि पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. साखळी पद्धतीने होणाऱ्या विक्रीसाठी २०२१ चे थेट विक्री नियम आहेत. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वेष्टनांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे निर्देश दिले.

उत्पादकाचे हित

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन मूळ स्थान आणि त्याच्याशी निगडित गुणवैशिष्ट्ये यांची ग्वाही देते, रोगमुक्तीची नव्हे. खोट्या दाव्यावर उभी राहिलेली मागणी दावा उघडा पडताच कोसळते आणि तोटा बागायतदाराच्या पदरी येतो. चव, शुद्धता व पोषणमूल्य यांवर मिळवलेला विश्वासच फळप्रक्रिया उद्योगाला दीर्घकाळ तारू शकतो. म्हणूनच कायद्याच्या अंमलबजावणीइतकेच ग्राहकशिक्षणही महत्त्वाचे आहे. रस आहार म्हणून अवश्य घ्यावा. उपचारासाठी मात्र वैद्यकीय सल्लाच घ्यावा.