पुष्पकची उस्तवार

पुष्पक विमानाच्या पंखावर बोटाने टिचकी मारली की डफावर थाप पडल्यासारखा आवाज येतो. पंख पत्र्याचा नाही, कापडाचा आहे. सांगाड्यावर ताणून बसवलेलं, बरगडी-बरगडीला दोऱ्याने शिवलेलं आणि डोप नावाचा लेप देऊन घट्ट केलेलं कापड. आवाज खणखणीत आला म्हणून तपासणारा अभियंता समाधान मानत नाही. तो स्प्रिंगचं एक छोटं उपकरण कापडावर ठिकठिकाणी दाबतो. नव्या ग्रेड-ए सुती कापडाची इंचभर रुंदीची पट्टी निदान ८० पौंडांचा ताण सोसते. ही ताकद सत्तर टक्क्यांवर, म्हणजे ५६ पौंडांवर आली, की कापड उतरवण्याची वेळ झाली. हलक्या आणि मंद विमानांना थोडं हलकं कापडही चालतं, पण सत्तर टक्क्यांचा दंडक त्यांनाही सुटत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या वाचकाला कापसाची ओळख करून द्यायची गरज नाही. बेला, जैनद, तामसीच्या काळ्या जमिनीतून निघणारा कापूस, बाजार समितीच्या आवारातल्या गाड्यांच्या रांगा आणि ओलाव्यावरून होणारी भावाची घासाघीस हे सगळं इथल्या दरसालच्या जगण्यातलं आहे. विमानाच्या पंखावर चढलेल्या सुतालाही ओलाव्याची भीती असतेच, आणि तिथे उन्हाची भीती त्याहून मोठी. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण धागा आतून कुजवतात. म्हणून डोपच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी थर देतात. तो दिसायला छान असतो, पण त्याचं काम छत्रीचं. वरचा रंग उडाला, हा थर झिजला आणि विमान वर्षभर उघड्यावर उभं राहिलं, तर पंखाचा वरचा भाग खालच्या भागाच्या कितीतरी आधी म्हातारा होतो.

ज्या विमानाची ही गोष्ट आहे ते कोल्हापूरकडच्या एका माणसाच्या नेतृत्वाखाली आकाराला आलं. डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतल्या गटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकले. आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणाऱ्यांत प्रांट्ल यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. तिथून डॉक्टरेट घेऊन परतलेले घाटगे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत आले, आणि स्वतंत्र भारताची पहिली काही विमानं त्यांच्या हाताखाली रेखाटली गेली. १९५१ मध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं. २८ सप्टेंबर १९५८ ला पुष्पक उडालं आणि पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ शोभावा असा कृषक.

पुष्पकमध्ये थाटमाट काही नाही. अमेरिकेतल्या एरोन्का चीफ या साध्यासुध्या विमानावर त्याची रचना बेतलेली. पंख डोक्यावर, दोन आसनं शेजारी-शेजारी, शेपटीखाली चिमुकलं चाक आणि नाकात कॉन्टिनेन्टल कंपनीचं ९० अश्वशक्तीचं चार सिलिंडरांचं इंजिन. अशी सुमारे १६० विमानं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. जेट विमानांच्या युगात वैमानिक झालेल्या कितीतरी जणांचं पहिलं उड्डाण याच कापडी पंखांवर झालं. करनालच्या क्लबातल्या पुष्पकने तर कल्पना चावलाला लहानपणी पहिल्यांदा आकाश दाखवलं.

अशा विमानाला आदिलाबाद सोयीचं पडलं असतं. निजामाच्या काळातली धावपट्टी शहरालगत आहे आणि तिची साडेतीनशेहून अधिक एकर जमीन हवाई दलाच्या ताब्यात आहे. नकाशावर सरळ रेषा ओढली तर इथून नागपूर सुमारे १७० किलोमीटर, नांदेड १४०, यवतमाळ ९०, चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टी ८० आणि हैदराबादचं बेगमपेट २५०. ताशी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरने जाणाऱ्या पुष्पकला यातलं सर्वांत दूरचं ठिकाणही दोन तासांचं. माजरी किंवा मुदखेडला वळसा घालणाऱ्या रेल्वेची सवय असलेल्या माणसाला हे आकडे मोहात पाडतील. मोह रास्तच आहे. फक्त विमान विकत घेणं हा या व्यवहारातला सगळ्यांत स्वस्त आणि सोपा भाग आहे, हे आधी समजून घ्यावं लागतं.

कापड दिसतं तरी. त्याच्या आतल्या पोलादी नळ्या दिसत नाहीत. विमान शेपटीवर टेकून उभं राहत असल्यामुळे पावसाचं आणि दवाचं पाणी मागे सरकत जातं आणि शेपटीजवळच्या खालच्या नळ्यांत साचतं. त्यासाठी कापडाला तळाशी बारीक छिद्रं ठेवलेली असतात. रंगकाम करणाऱ्याने ती नकळत बुजवली की पुढच्या दोन पावसाळ्यांत नळी आतून गंजू लागते. बाहेरून चकचकीत, आत कागदासारखी पातळ. पंखांना आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यांचंही तेच. याच प्रकारच्या दांड्यांमधल्या गंजामुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेला १९९३ मध्ये पायपर कंपनीच्या जुन्या विमानांसाठी सक्तीच्या तपासणीचा आदेश काढावा लागला होता. दांडीच्या खालच्या टोकाला टोच्याने दाबून पाहणं किंवा ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणं, असं हे काम आहे. वेळखाऊ आहे, पण पंख या दांडीवर तोललेला असतो.

मग उंदीर. हँगरमध्ये उभ्या विमानाच्या पंखात उंदरांनी घरटं केलं तर कुरतडण्यापेक्षा त्यांच्या मूत्राने जास्त नुकसान होतं, कारण त्याने धातू खाल्ला जातो. आणि कुंभारमाशी. वेग मोजणारी पिटो नळी पंखाखाली पुढे डोकावत असते, तिचं तोंड या माशीला घर करायला अगदी मापाचं. एका दुपारीत मातीने नळी लिंपून टाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या वेळी वेगदर्शक काटा हलत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे लाल फडक्याचं एक टोपण. उतरल्यावर ते चढवायचं आणि उडण्यापूर्वी आठवणीने काढायचं. जुन्या विमानाची सुरक्षितता अशा फुटकळ वाटणाऱ्या शिस्तीवर उभी असते, आणि अपघातांच्या चौकशीत अशाच गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे येतात.

इंजिनाबाबत सामान्य समज उलटा आहे. जास्त वापरलेलं इंजिन वाईट आणि कमी वापरलेलं चांगलं, असं मोटारसायकल घेताना आपण मानतो. विमानाच्या इंजिनाला बसून राहणं सोसत नाही. पुष्पकच्या इंजिनाला पूर्ण उघडून दुरुस्त करायची मर्यादा कंपनीने १,८०० तास किंवा १२ वर्षं अशी सुचवली आहे. वर्षाला ५० तास उडणाऱ्या हौशी मालकाचे १,८०० तास भरायला ३६ वर्षं लागतील. म्हणजे त्याच्या बाबतीत घड्याळ हरतं आणि कॅलेंडर जिंकतं. इंधन जळताना पाणी तयार होतं, ते तेलात मिसळतं, आणि सिलिंडरच्या भिंतींवरचा तेलाचा पापुद्रा ओघळून गेला की तिथे गंजाचे ठिपके उठतात. मालकाला वाटतं, उडायला वेळ नाही तर निदान दहा मिनिटं जागेवर चालू तरी करू. ते अधिक घातक. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही, पाणी उडून जात नाही, उलट नव्याने भर पडते. दोन-तीन आठवड्यांनी तासभर खरं उड्डाण, नाहीतर इंजिनात संरक्षक तेल घालून रीतसर बंद करून ठेवणं, हे दोनच मार्ग.

तपासणीच्या दिवशी प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि आत किती टिकते ते पाहतात. ८० पैकी ७२-७४ टिकली तर ठीक. कमी टिकली तर गळती कुठून होते ते कानाने शोधायचं: धुरांड्यातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. तेल बदलताना गाळणीत अडकलेले कण लोहचुंबकाजवळ धरून पाहतात. ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात आणि बॅटरीवर अवलंबून नसतात. उड्डाणापूर्वी एकेक बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते वैमानिक पाहतो. साठ वर्षांपूर्वीही हेच करत, आजही हेच करतात.

इंधन ही भारतातली वेगळी अडचण. हे इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलं होतं. ते इंधन इतिहासजमा झालं. आता मिळतं ते निळ्या रंगाचं १०० एलएल, आणि ‘एलएल’ म्हणजे कमी शिसं असं म्हटलं तरी त्यात जुन्या इंधनाच्या चौपटीपर्यंत शिसं असू शकतं. ते स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसतं, म्हणून प्लग अधिक वेळा साफ करावे लागतात. २०२२ पर्यंत हे इंधन सगळं आयात व्हायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीतलं देशी उत्पादन बाजारात आणलं. तरी छोट्या धावपट्टीवर ते पंपावर नव्हे, पिंपातून मिळतं, आणि पिंप म्हटलं की पाण्याची शंका आलीच. म्हणून दर उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पारदर्शक भांड्यात थोडं इंधन काढून पाहायचं. पाणी जड, ते खाली वेगळं दिसतं.

इथल्या हवेचं गणितही मालकाला मांडावं लागेल. आदिलाबाद समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांहून थोडं उंच. पण मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते सुमारे १,४०० मीटर उंचीवर उभं असतं. ९० अश्वशक्तीचं इंजिन तेव्हा ऐंशीही देत नाही, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते आणि टोकाच्या झाडांवरून निघणं अवघड होतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडायचं, आणि शेजारच्या आसनावर कोण बसणार आहे त्याचं वजन संकोच न करता विचारायचं. श्रावणातल्या दमट सकाळी उलटाच धोका. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा एकदम गार होते आणि बाहेर वीस-बावीस अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. इंजिन हळूहळू दम टाकू लागतं. गरम हवा सोडणारी कळ वेळेत ओढली तर ते पुन्हा पूर्ववत चालतं.

इथे कुणी म्हणेल, साठ वर्षांचं कापडी विमान ही हौसेची टोकाची गोष्ट झाली. तसं नाही. नागपूर फ्लाइंग क्लबकडची सेसना १५२ जातीची विमानं घ्या. या जातीचं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, म्हणजे जगात आज उडणारं प्रत्येक सेसना १५२ चाळिशीच्या घरात किंवा पलीकडे आहे. आपले तरुण वैमानिक अशाच यंत्रांवर घडत आले. त्यांचंही दुखणं वयाचंच, फक्त जागा वेगळ्या. सेसनाच्या आसनाची खीळ जमिनीवरच्या रुळाच्या छिद्रात अडकते. छिद्रं झिजली की उड्डाण घेताना आसन मागे घसरतं, वैमानिक आधारासाठी हातातलं चक्र ओढतो, नाक वर जातं आणि विमान कोसळू शकतं. १९८७ मध्ये या रुळांच्या तपासणीचा आदेश निघाला आणि अशी तपासणी आजही करावी लागते. हे काम करायला लागतो एक गेज आणि थोडी चिकाटी.

वय हे भीतीचं कारण नाही, याचा आपल्याकडचा सर्वांत देखणा दाखला १५ ऑक्टोबर १९८२ चा. त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले होते. त्या उड्डाणाची आठवण म्हणून ते ७८ व्या वर्षी त्याच वाटेने पुन्हा एकटे उडाले. विमान होतं लेपर्ड मॉथ, १९३३ ते १९३६ च्या काळात बनलेल्या जातीचं. हवाई दलाने २०१२ मध्ये टायगर मॉथ पुन्हा आकाशात नेलं आणि २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाचं डकोटा सेवेत घेतलं. दोन्ही विमानं ब्रिटनमध्ये नव्याने उभी करून आणावी लागली. आपल्याकडे कापड चढवणारे, डोप लावणारे, पोलादी नळ्या जोडणारे हात क्लबांच्या हँगरांत होते. क्लब ओस पडत गेले तसे ते हात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हे नुकसान विमानांच्या नुकसानीपेक्षा मोठं आहे.

कारण एकट्या मालकाला जुनं विमान सांभाळता येत नाही. कायद्याने तर नाहीच. परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय ते उड्डाणयोग्य ठरत नाही, दरवर्षी उड्डाणयोग्यतेचा आढावा द्यावा लागतो, सांगाडा, इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. विमान घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी या वह्या पाहाव्यात. मधली पाच वर्षं कोरी असतील तर ती कोरी पानंच सर्वांत महाग पडतात. सुट्या भागांचं त्या मानाने बरं आहे. पुष्पकचं उत्पादन कधीच थांबलं, पण त्याच्या इंजिनाचं जवळचं भावंड ओ-२०० हे हजारो सेसना १५० विमानांत बसलेलं आहे, त्यामुळे बरेच भाग अजून मिळतात. दारं, काचा, पंखाच्या बरगड्या मात्र मूळ आराखडा हाती धरून बनवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठीही मंजुरी लागते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये हवाई दलाने आदिलाबादच्या धावपट्टीवर नागरी विमानतळ उभारायला संमती दिली. चर्चा अर्थातच मोठ्या विमानांची, हैदराबाद-दिल्लीच्या फेऱ्यांची आहे. त्या आराखड्यात लहान विमानांसाठी एक कोपरा आत्ताच मागून घेतला पाहिजे, कारण टर्मिनल उभं राहिल्यावर तो मिळत नाही. मागणी फार नाही: उन्हापावसापासून चार विमानं झाकणारी एक शेड, इंधनाची पिंपं ठेवायला नियमाप्रमाणे बांधलेली खोली, विजेची जोडणी आणि नागपूर किंवा हैदराबादहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या अभियंत्यासाठी एक कामाचं टेबल. जिल्ह्यातल्या आयटीआयमधून वेल्डिंग आणि फिटरचं काम शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना त्या टेबलाशेजारी उभं राहता आलं, तर पोलादी नळीला टोचा कुठे लावायचा आणि कापड कुठे दाबून पाहायचं हे ते तिथे शिकतील; दुसऱ्या कुठल्या वर्गात ते शिकायला मिळणार नाही.