मेंदूंतील फितूर पहारेकरी

तीन पिढ्या एकत्र नांदतात अशा घरांत एखाद्याच्या विस्मरणास ‘आळस’ हें नांव पटकन् मिळतें. आणि त्यास एचआयव्हीची बाधा असल्याचें कळलें, तर ‘प्रज्ञापराध’ म्हणून त्याच्या चारित्र्याचीही झडती घेतली जाते. म्हणून हा विषाणु मेंदूंत नेमकें काय करतो, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या भित्तिका इतक्या घट्ट असतात कीं, रक्तांतील बहुतेक पदार्थांस त्या आंत शिरूं देत नाहींत. मात्र शरीराचें रक्षण करणाऱ्या कांहीं पांढऱ्या पेशींस तेथें प्रवेश असतो. हा विषाणु त्यांच्याच पोटांत दडून, संसर्गानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांत मेंदूंत पोंचतो व तेथील मायक्रोग्लिया नांवाच्या पहारेकरी पेशींत ठाणें देतो. ज्यांच्या योगें आपण विचार करतों, त्या मज्जापेशींत मात्र तो सहसा शिरत नाहीं. कारण त्यास आंत शिरण्यास लागणारी सीडी-४ नांवाची कडी त्यांच्यावर नसते. तरीही हानि त्यांचीच होते. बाधित पहारेकरी दाहकारक द्रव्यें सोडतात, विषाणूचीं प्रथिनें विषासारखीं बाधतात, ग्लुटामेट हें द्रव्य प्रमाणाबाहेर सांचतें, आणि मज्जापेशींमधील जोड तुटूं लागतात.

विस्मरण, विचारांचें मांद्य, उदासीनता, चालतांना अडखळणें, या लक्षणांचें सविस्तर वर्णन अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९८६ सालीं केलें. त्याच वर्षीं हा संसर्ग आपल्या देशांत प्रथम मद्रासेस आढळला. पुढें १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति आली, आणि बुद्धिभ्रंशाचें उग्र स्वरूप विरळ झालें. सौम्य स्वरूप मात्र औषधें घेणाऱ्यांपैकीं कांहींत आजही दिसतें. सर्व औषधें मेंदूंत सारख्या प्रमाणांत पोंचत नाहींत, आणि विषाणु तेथें दडून राहूं शकतो.

तेव्हां कुटुंबीयांचें कर्तव्य उघड आहे. सरकारी केंद्रांत २००४ पासून हीं औषधें विनामूल्य मिळतात. तीं रोज ठरल्या वेळीं घेण्याची आठवण रुग्णास द्यावी. वागण्यांत फरक दिसल्यास रागें न भरतां डॉक्टरांस कळवावें. एका पंक्तीस जेवल्यानें वा पाठीवर हात ठेवल्यानें ही बाधा होत नाहीं. म्हणून त्याचें ताट वेगळें मांडूं नये. त्याच्या विसरण्यांत प्रज्ञेचा अपराध नसून प्रज्ञेवर झालेला आघात आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांनींच प्रथम ओळखावें, अशी आमची विनंति आहे.